कोजागिरी, आटीव दूध आणि शुभा खोटे

या वेळी नावं लिहायची नाहीत, असं ठरवूनच मी कोजागिरीचा हा अहवाल लिहायला बसले आहे. दोन वर्षांपूर्वीच्या अहवालात बदाम सोलणाऱ्या एका वहिनींचं नाव माझ्याकडून राहिलं. दीड किलो बदाम, तेही एकटीनं सोललेले. त्या पुढच्या दोन मीटिंगांना आल्याच नाहीत. तिसरीला आल्या त्या दारापाशी बसल्या आणि चहा नको म्हणाल्या. तेव्हा आता फक्त कामं लिहीन. ज्याचं त्याला कळेल.

आमचं महिला मंडळ गिरगावातल्या एका चाळीचं. वर्षभरात हळदीकुंकू होतं, सहल होते, भोंडला होतो, पण जीव अडकलेला असतो तो कोजागिरीत. दीपप्रज्वलन, स्वागत, अहवालवाचन, मुलांना वह्या, अध्यक्षांचं मनोगत हे दरवर्षी होतं आणि दरवर्षी तेच होतं, त्यावर शाई घालवत नाही. पाण्याच्या टाकीमागून चंद्र वर येईपर्यंत ते उरकलं म्हणजे झालं. मग खरा कार्यक्रम. एखादी विनोदी नटी धरायची आणि तिच्यावर ज्याला जे येईल ते त्यानं करायचं. कुणी गाणं म्हणतं, कुणी नक्कल करतं, कुणी नुसतंच सांगतं. २००८ साली हे सुरू झालं. त्याआधी आम्ही अंताक्षरी खेळायचो आणि दर कोजागिरीला एकाच अक्षरावरून दोन मजल्यांत भांडण व्हायचं.

पहिल्या वर्षी शुभा खोटे घेतल्या. सुचवलं तीन नंबरच्या काकूंनी. पुढच्या वर्षी टुणटुण, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कुणी, असं चालू राहिलं. पण नटी कुठलीही असो, तीन नंबरच्या काकू उठायच्या आणि शुभा खोट्यांवरच बोलायच्या. टुणटुणच्या वर्षी मी हळूच म्हटलं, "काकू, आज विषय वेगळा आहे." तर माइकवरच म्हणाल्या, "टुणटुण थोरच गं, आधी उमादेवी म्हणून गायच्या, मग हसवायला लागल्या. पण त्यांना सायकल येत होती का?" झालं. तेव्हापासून कार्यक्रमपत्रिकेत त्यांची पंधरा मिनिटं मी वेगळीच धरते.

काकू माइक स्टँडवरच ठेवतात, कारण दोन्ही हात लागतात. प्लॅस्टिकची खुर्ची एका अंगाला वळवून घ्यायची, तिची पाठ हँडलसारखी धरायची, पदर खोचायचा आणि बसल्या बसल्या पायडल मारायचं. डाव्या पायातली स्लिपर दरवेळी निघते. ती उचलून परत घालेपर्यंत गोष्ट थांबते, आणि पुढे बसलेली पोरं तेवढ्यासाठीच टपलेली असतात.

"सन पंचावन्न," काकू सुरू करतात. "मी तेरा वर्षांची. 'सीमा' लागला होता. नूतन होती, बलराज साहनी होते, आणि त्यात पुतली नावाची एक मुलगी होती. आई म्हणाली, ही बघ, ही आपल्याकडची. आपल्याकडची म्हणजे किती आपल्याकडची? शाळा सेंट तेरेसा, चर्नी रोड. मग गावदेवीची सेंट कोलंबा. मग विल्सन कॉलेज. म्हणजे सगळं आपल्या पायाखालचं. पोहण्यात चॅम्पियन, सायकलिंगमध्ये चॅम्पियन. वडील नंदू खोटे, नाटकातले. दुर्गाबाई खोटे चुलती. चार वर्षांची असताना रंगमंचावर उभी राहिलेली पोर. मला नाटकबिटक काही नको होतं. मला सायकल हवी होती."

मग मागच्या गल्लीतलं भाड्याच्या सायकलींचं दुकान येतं. दुकानदारानं अनामत मागितली म्हणून शाळेचं दप्तर तारण ठेवलं, ते येतं. पुरुषी सायकल, मधला दांडा, स्कर्ट आवरत एक पाय जमिनीवर घासत चालवणं येतं. "पहिला अर्धा तास मी शुभा खोटेच होते," असं म्हणून काकू खरोखर मान वर करतात, वारा लागल्यासारखी. आणि मग ट्रामचे रूळ येतात. मुंबईच्या ट्राम १९६४ साली बंद झाल्या, त्यामुळे आताच्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं. रस्त्याच्या पातळीत बसवलेले रूळ, त्यांना बोटभर खाच, आणि त्या खाचेत सायकलचं पुढचं चाक नेमकं बसायचं. काकूंचं बसलं. मागून ट्राम. ट्राम थांबली, घंटा वाजत राहिली, आणि तिच्यातून काय झालं म्हणून बघायला जे उतरले त्यांत काकूंचे वडील होते.

इथे काकू थांबतात. खुर्ची सरळ करतात. आणि म्हणतात, "शुभा खोटे पडली नाही. मी पडले. म्हणून ती पडद्यावर आणि मी तीन नंबरात."

लोक हसतात. काकू हसवण्यासाठीच सांगतात, तेव्हा हसायलाच हवं. मी मात्र त्या क्षणी माइकची वायर सरळ करायला खाली वाकते. पंधरा वर्षं ऐकते आहे, वायर पंधरा वर्षं सरळच असते.

आता बाकीच्यांचं. आमच्या चाळीत बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, मंडळ महिलांचं असलं तरी एवढ्या एकाच पुरुषाला रंगमंचावर प्रवेश आहे, कारण ते धुमाळ होतात. अनंत बळवंत धुमाळ. मेहमूद प्रियकर, शुभा खोटे प्रेयसी आणि धुमाळ तिचा खेकसणारा बाप, हे त्रिकूट ज्या पिढीनं पाहिलं तिला एवढ्यावरच हसू फुटतं. 'छोटी बहन', 'ससुराल', 'जिद्दी', 'लव्ह इन टोकियो'. काका धोतराचा सोगा हातात धरून नुसते गच्चीच्या दारातून आत येतात आणि डोळे वटारतात, तेवढ्यात निम्मं काम होतं. 'लव्ह इन टोकियो'त मेहमूद गेशाचा वेश करून येतो, त्या प्रसंगासाठी एका वर्षी पहिल्या मजल्यावरच्या सूनबाईंनी स्वतःचा रेशमी गाऊन दिला होता. त्यावर दूध सांडलं. तो डाग निघाला नाही आणि त्यांनी कधी त्याबद्दल शब्द काढला नाही, हे मी इथे मुद्दाम नोंदवते.

या त्रिकुटावरून आमच्यात वाद मात्र होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई दरवर्षी म्हणतात, "मेहमूदची जोडीदारीण, बाकी काय?" मला हे पटत नाही, कधी पटलं नाही. त्या काळच्या चित्रपटांत नायिका रडून रडून थकली की मध्येच विनोदी कथानकाचा तुकडा यायचा. मुख्य गोष्टीशी त्याचा धागा कच्चाच. आला की दोन मिनिटांत हसू पिकवायचं आणि पुन्हा नायिकेला रडायला जागा करून द्यायची. त्या दोन मिनिटांत मेहमूद हात-पाय, आवाज, भाषा सगळं उधळणार. मग समोरच्यानं काय करायचं? तेही उधळलं तर नुसता गोंधळ. शुभा खोटे तिथे एखाद्या खऱ्या घरातल्या खऱ्या मुलीसारख्या उभ्या असतात. लाजतात, चिडतात, बापाला घाबरतात, आणि त्यामुळे मेहमूदचा चावटपणा वेड्याचा न वाटता प्रियकराचा वाटतो. 'दिल तेरा दीवाना'साठी मेहमूदला फिल्मफेअर मिळालं. छान झालं. पण टाळी एका हातानं वाजत नाही, तर दुसरा हात कुणाचा होता? शुभाताईंना 'घराना' आणि 'ससुराल' अशी एकाच वर्षी दोन नामांकनं होती, दोन्ही सहायक अभिनेत्रीसाठी, आणि फिल्मफेअरची बाहुली गेली 'छाया'तल्या निरूपा रॉयकडे. मास्तरीणबाईंना हे मी दरवर्षी सांगते. त्या दरवर्षी "असेल" म्हणतात.

शिवाय त्या काय फक्त हसवत होत्या? 'पेइंग गेस्ट'मधली चंचल बघा. १९५७ साल, 'सीमा'नंतर दोनच वर्षं. पैशासाठी वयस्कर वकिलाशी लग्न करणारी आणि मग मैत्रिणीच्याच नवऱ्यावर डोळा ठेवणारी बाई. पुन्हा समोर नूतनच. आणि १९८१ सालच्या 'एक दूजे के लिए'त रती अग्निहोत्रीची आई. माझी धाकटी जाऊ तो चित्रपट बघून आली तेव्हा आठ दिवस त्या आईला शिव्या देत होती. मधल्या काळात त्यांनी 'चिमुकला पाहुणा' हा मराठी चित्रपटही केला, १९६८ साली, निर्मिती आणि दिग्दर्शन दोन्ही स्वतःचं. बाईनं दिग्दर्शनाची खुर्ची घेणं तेव्हा किती जणींना जमलं होतं? हे आमच्या कार्यक्रमाच्या फळ्यावर लिहायचं राहिलं, त्याबद्दल पुढे येतेच.

मुलांना यातलं काही माहीत नसतं. त्यांना जवळची वाटते ती 'जबान संभालके'तली शुभाताईंची मिस दीक्षित, तीही आयांनी मोबाइलवर दाखवली म्हणून. १९९३ साली मेट्रो चॅनलवर ती मालिका लागायची तेव्हा आमच्या मजल्यावर दोनच घरांत रंगीत टीव्ही होता आणि दारात चपलांचा ढीग पडायचा. पंकज कपूर हिंदीचे मास्तर, वर्गात देशोदेशींचे आणि प्रांतोप्रांतींचे विद्यार्थी, प्रत्येकाची हिंदी वेगळी तुटकी. मराठी विद्यार्थी विजू खोटे, म्हणजे शुभाताईंचे सख्खे धाकटे भाऊ, 'शोले'तले कालिया. २०१९ च्या सप्टेंबरअखेरीस ते गेले, त्या वर्षीची कोजागिरी दोन आठवड्यांवर होती, काकूंनी दोन मिनिटं उभं राहायला लावलं आणि मग म्हणाल्या, "आता बसा आणि हसा, त्यांना तेच आवडेल."

त्या मालिकेवर मुलांनी एकदा प्रवेश बसवला. गुजराती शेठ, मद्रासी अण्णा, गोरी बाई, सगळे आमच्याच चाळीतले. मिस दीक्षित कोण, यावर चर्चाच झाली नाही. पालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या एक बाई आहेत. त्यांना संवाद पाठ होईनात. मग ठरलं, बोलायचंच नाही. वर्गात कालवा टिपेला पोचला की त्यांनी दारात येऊन उभं राहायचं, चष्मा नाकावर खाली घ्यायचा आणि एकेकाकडे बघायचं. पोरं खरंच गप्प झाली. मागच्या रांगेतले दोन बापे सरळ बसले, ते त्यांचे जुने विद्यार्थी निघाले. शुभा खोट्यांचं मिस दीक्षितमधलं मर्म त्या दिवशी मला उलगडलं. सगळे विनोद करत असताना विनोद न करणारं एक माणूस लागतं. मेहमूदसमोर जे केलं तेच तीस वर्षांनी, फक्त आता घाबरणारी मुलगी घाबरवणारी बाई झाली होती.

मदतनीस. अठरा लिटर दूध पहाटे आणून देणारे डेअरीवाले दादा, उधारीवर. ते मोठ्या टोपात तीन तास ढवळणाऱ्या दोघी, एक वरच्या मजल्यावरची आणि एक माहेरपणाला आलेली. जायफळ किसणारी मुलगी, जिचं बोट सोललं. चारोळ्या निवडणाऱ्या आजी. बदाम (नमस्कार, वहिनी). गच्चीची किल्ली वेळेवर देणारे घरमालकांचे दिवाणजी. टोप चार मजले चढवणारी व्यायामशाळेची पोरं. भाडं न घेता माइक लावणारा इलेक्ट्रिशियन. रांगोळीवाली. रांगोळीवर पाय पडू नये म्हणून तिथे उभा केलेला तिचा भाऊ. सतरंज्या झटकणाऱ्या मावशी. उरलेले पेले दुसऱ्या दिवशी मोजून परत करणारी, त्यात एक कमी भरला तर स्वतःच्या घरचा घालणारी. आणि कुणी राहिलं असेल तर माझ्या दारावर यावं, मीटिंगमध्ये दारापाशी बसू नये.

उपस्थितीबद्दल बोलायचं नव्हतं, पण बोलते. चाळ पुनर्विकासात जायची म्हणून निम्मी बिऱ्हाडं भाड्यानं दहिसर-विरारकडे गेली. गेल्या कोजागिरीला साठ खुर्च्या मागवल्या, भरल्या चौतीस. लांब गेलेल्यांचं समजू शकते, शेवटची गाडी गाठायची असते. पण याच चाळीतली सात घरं साडेदहापर्यंत खाली टीव्हीसमोर बसली आणि दुधाच्या वेळेला पेले घेऊन बरोबर वर आली. त्यांना दूध दिलं. साय मी दिली नाही.

तीन नंबरच्या काकू मात्र बोरिवलीहून आल्या. एक्क्याऐंशीव्या वर्षी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून चार मजले चढून. खुर्ची वळवून द्यायला मी धावले तर म्हणाल्या, "सायकल माझी आहे." एकाच पायानं पायडल मारलं. स्लिपर या वेळी निघाली नाही, पट्ट्याची होती. पोरांचा हिरमोड झाला ते त्यांच्या लक्षात आलं, मग त्यांनी ती हातानं काढून फेकली. रूळ आले, ट्राम आली, वडील उतरले. मी वायरकडे वाकले.

कार्यक्रम संपल्यावर पेला हातात देताना वाटलं, आता काही मायेचं बोलतील. त्या फळ्याकडे बघत होत्या. "यंदा फळ्यावर 'चिमुकला पाहुणा' नाही. आणि 'पेइंग गेस्ट'बद्दल कुणीच बोललं नाही."

"वेळ नव्हता, काकू."

"वेळ होता. अध्यक्षीण पंचवीस मिनिटं बोलली. मी घड्याळ बघत होते."

येत्या कोजागिरीला अध्यक्षांना पाच मिनिटं. हे मी इथे लिहून ठेवते आहे, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की आधी कळवलं नव्हतं.