हेस्टिंग्ज कटऑफ: त्या पांढऱ्या जमिनीवर गाडी घालू नका

मुद्द्याचं आधी सांगतो. युटा राज्यात वेंडोव्हरच्या उत्तरेला सिल्व्हर आयलंड डोंगर आहेत. त्यांच्या पूर्वेची पांढरी सपाट जमीन लांबून फरशीसारखी कडक दिसते. ती तशी नाही. ज्याच्याकडून आम्ही वाटेच्या जीपीएस ट्रॅकची फाइल घेतली, त्याने छातीठोक सांगितलं होतं की सप्टेंबरात सगळं वाळलेलं असतं, कुठलीही एसयूव्ही जाते. रस्ता सोडून जेमतेम दोनशे पावलं गेलो असू. "दाजी, पुढं कोरडंच दिसतंय," असं मेहुणा म्हणेपर्यंत पुढची दोन्ही चाकं बसली होती.

आम्ही चौघं: मी, बायको, मेहुणा आणि दहा वर्षांची मुलगी. कॅलिफोर्नियात वस्ती करायला निघालेला डोनर आणि रीड कुटुंबांचा बैलगाड्यांचा तांडा 1846 साली ज्या आडवाटेने गेला, तीच हेस्टिंग्ज कटऑफ. ती फोर्ट ब्रिजर या व्यापारी ठाण्यापासून पायलट पीक डोंगराखालच्या झऱ्यापर्यंत बघायची होती. पहिल्या तीन दिवसांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, सगळा डांबरी रस्ता. सॉल्ट लेक सिटीच्या वेशीवरची डोनर हिल मात्र चुकवू नका, आणि ती पायीच चढा. वॉसॅच डोंगरात झाडं तोडत, दगड हलवत रस्ता करताना ही माणसं आधीच गळून गेली होती. शेवटी या टेकाडावर एकेका गाडीला जवळजवळ सगळे बैल जुंपून ती वर ओढावी लागली. पुढच्याच वर्षी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी खालच्या झाडोऱ्यातून चार तासांत वळसा काढला. अर्ध्या चढावर धाप लागली की हे आठवतं आणि पोटात कालवतं.

तर चिखल. वर बोटभर मिठाचा पापुद्रा, त्याखाली निळसर करडी चिकणमाती. फावडं मारलं की माती पात्यालाच चिकटते, झटकली तरी सुटत नाही. बायकोचा बूट आत राहिला आणि पाय मोज्यासकट वर आला. खड्डा काढला की बाजूने पाणी पाझरून तो पुन्हा भरतो. फळ्या होत्या, त्याही आत गेल्या. दुपारी दोनपासून अंधार पडेपर्यंत आमची मजल गाडीच्या अर्ध्या लांबीएवढी. फोनला रेंज नाही. मेहुण्याकडे उपग्रहावरून निरोप धाडायचं यंत्र होतं म्हणून सुटका झाली.

टोइंगवाल्याने आधी 600 डॉलर कबूल केले आणि गाडी बाहेर निघाल्यावर 1,450 मागितले. डांबरी सोडल्यावर तासाचा दर वेगळा, विंचचा वेगळा, रात्रीचा वेगळा. मुलगी थंडीने कुडकुडत होती, मी मुकाट्याने कार्ड दिलं. विम्याच्या रस्ता-मदतीने कच्च्या वाटेचं नाव ऐकताच हात झटकले. तुम्ही जाणार असाल तर आपली पॉलिसी निघण्याआधी वाचा, आणि टोइंगवाल्याकडून संपूर्ण रक्कम मेसेजवर लिहून घेतल्याशिवाय हो म्हणू नका.

त्या रात्री गाडीत बसून मला सगळ्यात जास्त चीड आली ती लान्सफर्ड हेस्टिंग्जची. 1845 साली त्याने मार्गदर्शिका छापली, त्यात ही वाट जवळची म्हणून सुचवली, तेव्हा तो स्वतः या वाटेने एकदाही गेलेला नव्हता. निर्जळ पट्टा 40 मैलांचा सांगितला गेला, निघाला 80 च्या घरात. पत्रकार एडविन ब्रायंट खेचरांवरून पुढे गेला होता. कुटुंबं घेऊन गाड्यांनी या वाटेने येऊ नका, अशी पत्रं त्याने फोर्ट ब्रिजरला ठेवली. तांड्यातल्या जेम्स रीडला ती मिळालीच नाहीत. या वाटेवर गिऱ्हाईक यावं ही त्या ठाण्याच्या दुकानदारांची गरज होती, आणि पत्रं मुद्दाम दाबली असं रीड पुढेही म्हणत राहिला.

आमच्याकडे 40 लिटर पाणी होतं, चार माणसांना पुरून उरलं. त्यांना बैलांचंही पाणी वाहून न्यायचं होतं. कोरड्या हवेत लाकडी चाकं आकसतात आणि लोखंडी धाव सैल होऊन निसटायला बघते. ती घट्ट करायला चाक पाण्यात भिजवावं लागतं, आणि इथे प्यायलाच पाणी नाही. तिसऱ्या दिवशी पाणी संपलं. रीड घोड्यावरून पुढे पाणी आणायला गेला, तेवढ्यात तहानेने पिसाळलेले त्याचे बैल पळाले ते गेलेच. मग नवरा-बायको चार लेकरं घेऊन रात्री पायी निघाली. थोरली व्हर्जिनिया 13 वर्षांची, धाकटा टॉमस तीन वर्षांचा, तो बापाच्या कडेवर. वारा इतका बोचरा की मुलांना एकत्र निजवून अंगाभोवती पाचही कुत्री बसवली. सप्टेंबरातच रात्री दात वाजतात हे आता आम्हालाही माहीत आहे. जाड जॅकेट डिकीत नको, हाताशी ठेवा.

रीडकडे उरला एक बैल आणि एक गाय. सामान तिथेच पुरावं लागलं. आठ वर्षांच्या पॅटीने चार इंचांची लाकडी बाहुली कुणाला न सांगता जवळ ठेवली. ती सॅक्रामेंटोच्या सटर्स फोर्टच्या संग्रहात आहे. हे ऐकल्यापासून माझी मुलगी दुसरं काही बोलत नव्हती.

पुढे कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरांच्या बर्फात 87 जणांतले जवळपास निम्मे गेले. पण माझं ठाम मत, त्यांचा घात इथेच झाला. बैल गेले, दिवस गेले, आणि 'जवळची' वाट जुन्या वाटेपेक्षा लांबच पडली.

जायचं असेल तर दोन गाड्या घेऊन जा. महामार्ग 80 च्या एक्झिट 4 वरून सिल्व्हर आयलंडचा 54 मैलांचा खडीचा रस्ता निघतो. खडी संपली की थांबायचं, पुढे पायी. आधी पाऊस झाला असेल तर बेत रद्द करा, कुणी काहीही सांगो. पेट्रोल वेंडोव्हरलाच भरा. मधल्या वाळवंटाचा मोठा पट्टा हवाई दलाच्या ताब्यात आहे, तिथे शिरायचा विचारही नको.

दुसऱ्या दिवशी न झोपता झऱ्यावर पोचलो. पायलट पीकच्या पायथ्याशी कुंपणातली छोटीशी पाणथळ जागा, काठाला हिरवंगार गवत. मुलीने बूट काढले आणि मोज्यांतली वाळलेली पांढरी माती कुंपणाबाहेर झटकली. जागा एका खाजगी रँचमध्ये आहे. फाटक बंद दिसलं तर आत गेल्यावर पुन्हा बंद करा, आणि ते पाणी पिऊ नका, आसपास गुरं चरतात.