पॅनडॉक, प्रबंध आणि ते प्रश्नचिन्ह

आज दिवसभर सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एकच तक्रार कानावर: मार्कडाउन (साध्या खुणांनी लिहिलेला मजकूर) फाइलची पॅनडॉक या रूपांतर करणाऱ्या प्रणालीने पीडीएफ होते, प्रबंधातले संदर्भ मात्र येत नाहीत.

आधी पीडीएफमध्ये नेमकं काय दिसतंय ते बघा. संदर्भासाठी लिहिलेले चौकटी कंस आणि @ जसेच्या तसे उतरले असतील, तर आज्ञेत सायटप्रॉकचा (संदर्भ जुळवून सूची करणाऱ्या भागाचा) पर्यायच दिलेला नाही. आवृत्ती २.११ पासून तो पॅनडॉकमध्येच आहे. जुन्या ब्लॉगांवरचा वेगळा फिल्टर आता नको. ठळक अक्षरांत ‘जोशी२०१५?’ असं उमटलं, तर @ नंतरच्या त्या खुणेची नोंद बिबटेक्स फाइलमध्ये (संदर्भांच्या यादीत) सापडलेली नाही. रोमन खूण असेल तर लहान-मोठं अक्षरही तंतोतंत जुळावं लागतं. टर्मिनलवर तसा इशारा येतो, पण तो वाचतंय कोण!

मराठी नोंदींची खरी गोम लेखकांच्या रकान्यात. दोन नावांमध्ये ‘आणि’ लिहिलंत की दोघांचा एकच माणूस होतो. तिथे रोमन लिपीतलं ‘अँड’च लागतं, स्वल्पविरामही चालत नाही. संस्थेचं नाव दुहेरी महिरपी कंसात, नाहीतर त्याचंही आडनाव काढलं जातं.

पीडीएफ बनवणारं मूळ इंजिन पीडीएफलाटेक देवनागरीवर अडतं, म्हणून त्याऐवजी झीलाटेक घ्या. मेनफॉन्टला (मुख्य फॉन्टच्या पर्यायाला) नोटो सेरिफ देवनागरी द्या आणि फॉन्टच्या पर्यायांत स्क्रिप्ट देवनागरी लिहा. हे राहिलं तर ‘स्थिती’तली पहिली वेलांटी भलतीकडे जाऊन बसते.

संदर्भसूची परिशिष्टाच्या आधी हवी? तिथे ‘रेफ्स’ (refs) आयडीचा रिकामा डिव्ह, म्हणजे मजकुराचा वेगळा कप्पा, टाका.