सरकणारी चटई

आमच्या अंगणवाडीचं दार दक्षिणेला आहे. गावात दक्षिणेला दार कोणी ठेवत नाही, पण सरकारी इमारतीला वास्तुशास्त्र विचारतो कोण? बांधकाम झालं तेव्हा दोन-चार म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली होती. "लेकरायले यमाच्या तोंडाशी बसवता का?" म्हणाले. मीही मनातून जराशी चरकले होते. आता डिसेंबर लागला की मी त्या अनोळखी ठेकेदाराला मनोमन आशीर्वाद देते. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे ऊन दारातून सरळ आत येतं आणि फरशीवर बसतं. उन्हाळ्यात हेच ऊन उंबऱ्याबाहेर थांबतं. पाहुण्याला एवढी समज क्वचितच असते.

दहा वाजता उन्हाचा तुकडा पश्चिमेच्या भिंतीशी असतो, वजनकाट्याजवळ. बारापर्यंत खोलीच्या मधोमध येतो आणि दीडच्या सुमाराला खिचडीच्या गंजापाशी, म्हणजे मोठ्या पातेल्यापाशी पोचतो. मी आणि मदतनीस मावशी त्याच्या मागे चटई ओढत नेतो. मुलं उठत नाहीत. बसल्या जागेवरून ढुंगणानं सरकत येतात आणि तोंडानं आगगाडीचा आवाज काढतात. वेळापत्रकात माझ्याकडे गाणी, गोष्टी, मुक्त खेळ असं सगळं आखलेलं आहे. पण थंडीत खरं वेळापत्रक चटईचं. ऊन काट्यापाशी आहे तोवर गाणी, मधोमध आलं की मोजणी, गंजापाशी गेलं की जेवण. आमच्या मुलांना घड्याळ कळत नाही, तरी "बाई, ऊन गंजापाशी आलं" हे एकही पोरगं चुकत नाही.

थंडी आमच्याकडे पुण्या-मुंबईच्या लोकांना वाटते तशी नावापुरती नसते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. आमचं गाव विदर्भातल्या आर्वीकडचं, भोवती सगळी उघडी वावरं, म्हणजे इथे काय झालं असेल ते समजून घ्या. त्या शनिवारी पटावरच्या चोवीसपैकी सात आले. त्यातला एक आजोबांच्या कांबळ्यासकट आला आणि दिवसभर कांबळ्यातूनच बोलला. कविता म्हणायला उभा राहिला, तर कविता म्हणणारं कांबळं तेवढं दिसत होतं.

अशा सकाळी पोरं पहिला खेळ खेळतात तो बिडीचा. दोन बोटं ओठांना लावायची आणि तोंडातून वाफ सोडायची. आधी मी रागवायची. मग एकीनं विचारलं, "बाई, माह्या पोटात चूल हाय का?" आता याला काय रागवणार? मावशींनी खिचडीवरचं झाकण काढून दाखवलं, आतून थेंबच थेंब. मग मी स्टीलच्या ताटल्या वाटल्या. ताटलीवर हाऽऽ करायचं आणि धुरकटलेल्या जागेवर बोटानं लिहायचं. कोणी रेघ काढली, कोणी गोल, एकानं 'ग' काढला, तो उलटा. मी सरळ करायला सांगणार, तेवढ्यात उलटा 'ग' आपोआप उडून गेला. चुकलेलं इतक्या सभ्यपणे पुसणारी पाटी मी दुसरी पाहिलेली नाही.

खोबरेल तेलाचंही तसंच. तेल २४ अंशांच्या खाली गोठतं, हे मला मागाहून कळलं. मुलांना ते आमच्या खिडकीतल्या बाटलीनं शिकवलं होतं. सकाळी बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही, उन्हाच्या तुकड्यात ठेवली की कडेनं सुटायला लागते. मधला पांढरा गोळा मात्र बराच वेळ तग धरून असतो. तो विरघळेपर्यंत मुलं बाटलीभोवती बसून राहतात, क्रिकेटच्या शेवटच्या षटकासारखी. तेल झालं की सगळ्यांची डोकी चोपून घ्यायची. त्या दिवशी घरी आया म्हणतात, अंगणवाडीत आज काहीच शिकवलं नाही, फक्त तेल लावलं.

'अंगणवाडी' हा शब्द ताराबाई मोडकांचा. लग्नानंतर त्या काही वर्षं आमच्याच अमरावतीत होत्या, हे मी नव्या मदतनिसांना मुद्दाम सांगते. पुढे १९४५ साली अनुताई वाघांना सोबत घेऊन त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं. पोरं शाळेत येत नाहीत, तर शाळा पोरांच्या अंगणात नेऊ, हा त्यांचा साधा हिशोब. १९७५ च्या २ ऑक्टोबरला सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि नाव देशभर गेलं. नावातलं अंगण मात्र पुष्कळ ठिकाणी इमारतीत शिरताना बाहेरच राहिलं. आमचं हिवाळ्यात परत येतं, तेही फक्त दार दक्षिणेला असल्यामुळे.

अंगणातला माझा आवडता उद्योग सावलीचा. डिसेंबरच्या शेवटी आमच्याकडे दुपारी सव्वाबाराच्या सुमाराला सूर्य साधारण पंचेचाळीस अंशांवर असतो. म्हणजे माणूस जेवढा उंच, तेवढीच त्याची सावली. (मे महिन्याच्या शेवटी हाच सूर्य डोक्यावर येतो आणि दुपारी सावली पायाखाली गडप होते. पण तेव्हा आमच्या अंगणात उभं राहून ती शोधायची कोणाची हिंमत नसते.) एक मूल उभं करायचं, दुसऱ्यानं खडूनं त्याची सावली आखायची आणि मग उभ्या असलेल्यानं त्या रेघेत जाऊन झोपायचं. पाय पायाशी, डोकं डोक्याशी. बरोबर मावतं! पहिल्यांदा मावलं तेव्हा त्या पोरानं मान उचलून माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्याच्या मापाचं अंगण शिवून आणलंय. नंतर सगळ्यांना आपापलं अंगण हवं झालं. खडू संपले. मावशी म्हणाल्या, "आता माही काढा." त्या त्यांच्या रेघेत काही मावल्या नाहीत, रुंदीला कमी पडली. त्यावर सगळ्यात जास्त त्याच हसल्या.

थंडीत शिकवायचं सामान विकत आणावं लागत नाही. वावरातून येतं. तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, बोरं, संत्र्याच्या साली. घाटा फोडायचा आणि आत किती ते सांगायचं. एक किंवा दोन. तुरीच्या शेंगेत तीन, चार, कधी पाच. दोन घाटे आणि एक शेंग मिळून किती, अशी बेरीज पाच वर्षांचं पोरगं तोंडानं करतं, अक्षरशः तोंडानं, कारण मोजलेले दाणे तोंडातच जातात. बोरांचं तर विचारूच नका. लहान-मोठी, लाल-हिरवी वेगळी करा म्हणून टोपलं मधे ठेवलं, तर पंधरा मिनिटांत वर्गीकरण पुरं झालं : खाल्लेली आणि अळी निघालेली.

एका पोरीनं हरभरा नाकात घातला. एरवी मी धीराची, पण नाकातला दाणा ओला होऊन फुगतो हे माहीत असल्यामुळे पोटात गोळा आला. ती मात्र शांत. विचारलं, काऊन घातला? तर म्हणे, "इथं किती मावते ते पाहून राह्यली होती." आदल्या दिवशी मीच सावलीच्या रेघेत कोण किती मावतं ते दाखवलं होतं. गाडीवर मागे बसवून दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी चिमट्यानं दाणा काढला आणि तो तिच्याच हातावर ठेवला. वाटभर तिनं मुठीत जपून आणला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांना दाखवला. त्यानंतर कित्येक दिवस मी दाणे मोजून द्यायची आणि मोजून परत घ्यायची. पोटात गेलेले वजा करून.

दर महिन्याला वजन-उंची घेऊन पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर भरायची असते. हिवाळ्यात गावातल्या मुलांचं पोषण एकदम सुधारतं, याचं श्रेय स्वेटरला. एका पोरानं स्वेटर काढायला साफ नकार दिला. नवा होता, नागपूरच्या तिबेटी बाजारातला, चेन लावलेला. शेवटी तह झाला : त्याचं वजन स्वेटरसकट घ्यायचं आणि स्वेटरचं वेगळं घेऊन वजा करायचं. त्यासाठी तो काढावाच लागतो, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. तान्ह्या बाळांच्या काट्यावर स्वेटर हात पसरून निजला, तीनशे ग्रॅम. मग काय, रांगच लागली. आजीनं विणलेला चारशेच्या वर गेला, मोठ्या भावाचा उसवलेला जेमतेम अडीचशे. जड-हलकं शिकवायला माझ्याजवळ रंगीत ठोकळे आहेत, ते त्या दिवशी कपाटातच राहिले. वजनं घेता घेता ऊन गंजावरून पुढे सरकलं आणि खिचडी गार झाली. मावशी दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

बटणांबद्दल एक सांगायचं राहिलं. चेनीवाले स्वेटर मला आवडत नाहीत. बटण काजात घालताना पोरांची जीभ बाहेर येते, सगळं लक्ष बोटांच्या टोकाशी जमा होतं. पेन्सिल धरायची तयारी तिथेच होते. एका बाजूला एक बटण उरतं, दुसऱ्या बाजूला एक काज. ते सोडवणं म्हणजे आमच्याकडचं गणित.

आता बर्फाकडे वळते.

भिंतीवर ऋतूंचा तक्ता आहे, छापील, वरून आलेला. उन्हाळ्यात आंबा, पावसाळ्यात छत्री आणि हिवाळ्यात डोंगरभर पांढरं बर्फ, त्यात टोपी घातलेला गोल माणूस. मी दरवर्षी विचारते, हे काय? उत्तर ठरलेलं : कापूस. गेल्या वर्षी एकीनं तक्त्याजवळ जाऊन नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "येच्या वावरात वेचाले बाया किती लागत असन?" दुसरा म्हणाला, "बाया भेटल्या नसन, म्हणून तर सारा पडला हाय." पाच वर्षांच्या पोराला वेचणीची मजुरी आणि बायांची टंचाई ठाऊक आहे. मला बर्फ ठाऊक नाही. फ्रीजमधला सोडून मी कधी पाहिलेलं नाही. मग तक्त्यावर काय बोलणार? मी म्हटलं, हो रे बाबा, पडलाच आहे.

शेजारचा नातू तालुक्याला कॉन्व्हेंटमध्ये जातो, केजी टूला. (आमच्याकडे टाय लावणाऱ्या प्रत्येक शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात.) डिसेंबरात त्याच्या डायरीत 'विंटर ॲक्टिव्हिटी' आली : कापसाचा स्नोमॅन करून आणा. त्याची आई रात्री माझ्याकडे आली. "ताई, तुम्ही पोरायचं करता ना हे सारं. कापसाची पुडी मेडिकलमधून आणाले सांगितली हाय, आता कोठून आणू?" मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. तिच्या घरात मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला होता, भाव येईल म्हणून थांबवलेला. त्या खोलीतून जाता-येता घरातले सगळे अंग खाजवत होते. फार दिवस साठवलेला कापूस अंगाला खाज आणतो, तेव्हा त्याचं पांढरेपण कोणाला गोड वाटत नाही.

तिथूनच ओंजळभर आणला. आजीनं सरकी काढून दिली. शंभर किलो कापसात रुई तिसरा हिस्सा, बाकी बहुतेक सरकी. म्हणून ओंजळीतून निघालेला बर्फ मूठभरच भरला. पुठ्ठ्यावर फेविकॉलचे दोन गोल, त्यावर रुई. डोळ्यांना सरकी, नाकाला गाजर पाहिजे होतं, त्याऐवजी तुरीची शेंग. टोपीला पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या झाडाचं, सुकलेलं बोंड उलटं बसवलं, पाकळ्या खाली आल्या, झकास दिसत होतं. पोरगा रात्री त्याला उशाशी घेऊन झोपला. त्यानं विचारलं, "बर्फ गरम असते का?" कापसात हात घालून झोपणाऱ्याला दुसरं काय वाटणार? मी म्हटलं, नसतं, गार असतं. त्याला ते पटलं नाही.

शाळेत बाकीच्यांचे स्नोमॅन मेडिकलच्या कापसाचे, साबणासारखे गुळगुळीत. याच्या डायरीत शेरा आला : पुढच्या वेळी स्वच्छ कापूस वापरावा. तरी एक चांदणी दिली होती. पोराला शेरा वाचता येत नव्हता, चांदणी दिसत होती. तो खूश. आई दोन दिवस घुश्शात होती. "आमचा कापूस घाण?" एवढंच मधून मधून म्हणायची, भांडी घासता घासता, कोणाला उद्देशून ते कळायचं नाही.

संक्रांतीच्या आसपास मी त्यांच्याकडे तीळगूळ द्यायला गेले, तर भिंतीवर स्नोमॅन दिसेना. विचारलं. आजीनं वाती केल्या होत्या. "चांगली पिंजलेली रुई, फेकून कायले देता?" डोळे गाईपुढच्या सरकीत गेले, शेंगेतले दाणे सोलेभातात. उरलेला पुठ्ठा पोरानं मला आणून दिला, कारण बाई पुठ्ठे जमा करतात हे गावाला माहीत आहे. त्यावर वाळलेल्या फेविकॉलचे दोन गोल अजून होते, खालचा मोठा, वरचा लहान, कडेला थोडी रुई चिकटलेली.

आता तो पुठ्ठा चटईवर असतो. मोठ्या गोलात मोठी बोरं ठेवायची, लहान गोलात लहान. काल ऊन मधोमध येईपर्यंत दोन्ही गोल रिकामे झाले होते.