आधी अमावस्या बघा, मग हॉल

हौशी आकाशनिरीक्षकांचं संमेलन ठरवायचं म्हटलं की सगळे आधी हॉल शोधत सुटतात, अरे आधी अमावस्या बघा ना! ती येते साधारण 29.5 दिवसांनी आणि नेमकी शनिवारी येईल असं थोडीच आहे, मग मागचापुढचा वीकेंड धरायचा. भाषणं काय, ढग आले तर ऐकायला असावीत म्हणून ठेवायची, एवढंच.

खरी डोकेदुखी पार्किंगची. मागच्या वेळी एकाने रात्री गाडीचा दरवाजा उघडला, आतला दिवा भक्कन लागला आणि डोळे अंधाराला सरावायला लागलेली 20-30 मिनिटं सगळ्यांचीच पाण्यात, काय शिव्या बसल्या त्याला! (तो मीच होतो.) यंदा गाड्या लांब, टॉर्चवर लाल जिलेटीन कागद (म्हणजे डोळे दिपत नाहीत), आणि लेन्सवरचं दव घालवायला हेअर ड्रायर, त्यासाठी एक्स्टेंशन बोर्ड कोण आणतंय सांगा.