‘उघडकीस आलं’ याच्या उलट काय लिहायचं?

इंग्रजी बातमीत ‘कम टू लाइट’ आलं की आपला हात आपसूक ‘उघडकीस आलं’ लिहितो, आणि ते बरोबरच आहे. अडतं ते उलट लिहिताना. ‘स्टेड इन द डार्क’ दिसलं की अनेक जण ‘प्रकरण अंधारात राहिलं’ लिहून मोकळे होतात. मराठीत अंधारात माणसाला ठेवतात. ‘भागीदारांना अंधारात ठेवून जमीन विकली’ हे चालतं, पण प्रकरण अंधारात राहत नाही. ते दडलेलं असतं, नाहीतर कोणीतरी दडवलेलं किंवा दडपलेलं असतं.

या तीन क्रियापदांत एकेका अक्षराचाच फरक आहे, पण त्यावरच सगळं ठरतं. ‘दडणं’ आपोआप होतं, त्यात कोणावर ठपका येत नाही. ‘दडवणं’ म्हटलं की हात आला: पैसे, कागद, माल, उत्पन्न दडवतात. ‘दडपणं’ म्हटलं की वजन आलं, म्हणजे वर बसलेल्या कोणाची तरी सत्ता आली. कंत्राटदार बिलं दडवतो, त्याची चौकशी मात्र दुसरंच कोणी दडपतं. ‘कंत्राटदाराने चौकशी दडपली’ लिहिलंत तर चौकशी त्याच्याच हातात होती असा अर्थ निघतो. इथे नागपुरात सीताबर्डीच्या चहाच्या टपरीवर ‘मामला दबवला’ असं ऐकू येतं. बोलण्यात ते झकास, पण कोणी दबवला हे त्यात हमखास गाळलेलं असतं. बातमीत तेवढं गाळून भागत नाही.

‘पांघरूण घालणं’ आणखी वेगळं. ते दुसऱ्याच्या चुकीवर घालतात, तेही सहसा माया, नातं किंवा हितसंबंध असलेला माणूस. आरोपी स्वतःच स्वतःच्या गुन्ह्यावर पांघरूण घालतो असं लिहिलेलं वाचलं की खटकतं. त्याच्यासाठी ‘सारवासारव’ आहे. पण ती करायची वेळ निराळी, बिंग फुटल्यानंतरची. त्याआधी कोणी सारवासारव करत नाही.

सगळ्यात जास्त हाल ‘गुलदस्ता’ आणि ‘बासन’ यांचे होतात, विशेषतः डिसेंबरच्या सुमारास, हिवाळी अधिवेशनासाठी सरकार इथे मुक्कामी आलं की. गुलदस्त्यात राहतो तो न जाहीर झालेला निर्णय: मंत्रिपद कोणाला, उमेदवारी कोणाला, पॅकेज किती. त्यात उत्सुकता असते, पाप नसतं. म्हणून ‘घोटाळा गुलदस्त्यात’ हा मथळा घोटाळ्याला उगाच शोभा देतो. बासनात गुंडाळलं जातं ते मुळात गुपित नसतंच. समिती नेमली, अहवाल आला, सगळ्यांना माहीत आहे. फक्त पुढे काही झालं नाही. तिथे ‘लपवला’ लिहिणं चूक. अहवाल सरकारला मिळूनही सभागृहापुढे आला नसेल तर ‘पटलावर ठेवला नाही’ एवढंच लिहावं.

यातच एक खोडा आहे. इंग्रजीत ‘टेबल’ हे क्रियापद ब्रिटिश वळणाने सभागृहासमोर मांडण्यासाठी वापरतात आणि आपली विधिमंडळाची भाषा त्याच वळणाची आहे. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ चर्चा लांबणीवर टाकणं. अमेरिकी वृत्तसंस्थेच्या बातमीत ‘बिल टेबल्ड’ असेल आणि तुम्ही ‘विधेयक मांडलं’ लिहिलंत, तर बातमी थेट उलटी होते. बातमी कुठल्या देशातली आहे ते आधी बघा.

न्यायालयाच्या वार्तांकनात याच जातीची चूक ‘इन कॅमेरा’ची. सिव्हिल लाइन्समधलं उच्च न्यायालयाचं खंडपीठ असो की जिल्हा न्यायालय, ‘इन कॅमेरा’ म्हणजे बंद दालनातली सुनावणी. ‘कॅमेऱ्यासमोर सुनावणी’ असं छापलं की नेमका विरुद्ध अर्थ वाचकाच्या गळी उतरतो. बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठीच्या पोक्सो कायद्याच्या कलम ३७ नुसार खटला असाच चालवायचा असतो. तिथेच पुढचं वाक्य हमखास बिघडतं: ‘पीडितेची ओळख लपवण्यात आली’. लपवण्यात अपराधाची छटा आहे. ओळख ‘गोपनीय ठेवतात’. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे ती उघड करणं हाच अपराध आहे.

माहिती अधिकारातही शब्द तोलून वापरावा. २००५ च्या कायद्यातल्या कलम ८ चा आधार घेऊन उत्तर दिलं नाही, तर माहिती ‘नाकारली’. मागितलेला कागद नष्ट केला किंवा जाणूनबुजून खोटं उत्तर दिलं, तर ‘दडवली’ म्हणायला जागा आहे. कलम २० मधला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपयांचा दंड अशा वागण्याला लागू होतो. पण नुसत्या उशिरालाही तोच दंड बसू शकतो, म्हणून दंड झाला एवढ्यावरून ‘दडवली’ लिहू नये.

गप्प बसण्याचे वाक्प्रचार माणसाचे, गोष्टीचे नव्हेत. बोलायला हवं तिथे न बोलणारा मूग गिळतो. बोलूनही काही कळू न देणारा ताकास तूर लागू देत नाही. हा दुसरा फक्त नकारातच जगतो. ‘ताकास तूर लागली’ असं लिहिलंत तर हसतील. दोघांनी संगनमताने तोंड मिटलं तर ‘अळीमिळी गुपचिळी’, पण ती मथळ्यापेक्षा सदरात शोभते. ‘कानाडोळा’ आणि ‘डोळेझाक’ या यादीत घुसवू नका, कारण तिथे लपलेलं काहीच नसतं, बघणाऱ्यानेच बघितलेलं नसतं.

मांजर पिशवीत ठेवण्याचा मोह आवरा. पिशवीतून मांजर बाहेर पडणं, म्हणजे गुपित फुटणं, हा वाक्प्रचार इंग्रजीतला, मुळात मराठी नाही, तर आत ठेवणं कुठून येणार? ‘बिंग’ही फुटतं, फोडतात, पण झाकत नाहीत, ‘बिंग फुटू दिलं नाही’ एवढाच मार्ग. ‘पितळ उघडं पडणं’ याला मात्र जोडी तयार आहे: मुलामा चढवणं.

आणि यातलं एकही बसत नसेल, कोणी लपवलं याचा पुरावा हातात नसेल, तर ‘आजवर उघडकीस आलं नव्हतं’ हे सपक वाक्यच छापा. त्यावर नोटीस येत नाही.