कॅरम, मेट्रो आणि आमची रविवारची मंडळी

माझ्या धाकट्या भावाला ऑटिझम आहे. तो आता सव्वीस वर्षांचा आहे. लहानपणी ‘सोशल स्किल्स’ शिकायला त्याला ज्या ज्या वर्गांत घातलं, तिथे साधारण एकच धडा असायचा: समोरच्याच्या डोळ्यांत बघ, नमस्कार कर, नाव विचार, कुठे राहता ते विचार. भाऊ हुशार. त्याने ते पाठ केलं. मग नागपुरातल्या धरमपेठेतल्या आमच्या गल्लीत दूधवाल्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना तो तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारायचा. लोक म्हणायचे, “वा, किती छान बोलतो!” आणि आपल्या वाटेने जायचे. मित्र एकही झाला नाही. शाळा संपल्यावर तर घर, आई आणि टीव्ही एवढंच उरलं.

आपल्या मैत्र्या कशा झाल्या ते आठवून बघा. कोणाची क्रिकेटमधून, कोणाची गणपतीच्या मंडपात दोऱ्या बांधताना, कोणाची ट्यूशनला एका सायकलवर डबलसीट जाता-जाता. आधी सोबत काहीतरी केलं, बोलणं मागून आलं. या मुलांकडून मात्र आपण उलटं मागतो. आधी नीट बोलायला शीक, मग तुला खेळायला घेऊ. मला हे साफ चुकीचं वाटतं. म्हणूनच आम्ही काही घरांनी मिळून रविवार सकाळची मंडळी सुरू केली. सोसायटीचा हॉल, एक कॅरम बोर्ड, सतरंज्या. येणाऱ्यांत ऑटिझमवाले आहेत, एडीएचडीवाले (ज्यांचं लक्ष टिकत नाही, स्वस्थ बसवत नाही असे) आहेत, आणि कसलंच निदान नसलेली शेजारची कॉलेजची पोरंही आहेत. सगळ्यांना एकच नियम: आलात तर खेळायचं, नुसतं बघत बसायचं असेल तरी चालेल.

कॅरमच का? कारण त्यात पाळी कोणाची हे कोणाला ओळखत बसावं लागत नाही. गोटी गेली की पुन्हा तुझी पाळी, नाही गेली की पुढच्याची. राणी घेतली तर कव्हर द्यायचं. सगळं ठरलेलं. आणि सगळ्यांची नजर बोर्डावर, त्यामुळे कोणी कोणाच्या डोळ्यांत बघण्याचा प्रश्नच येत नाही. भावाला गोट्या मांडायला आवडतात. मधोमध राणी, भोवती काळी-पांढरी, काळी-पांढरी, एकही जराशी तिरकी नको. त्याच्यासमोर बसणारा मुलगा एडीएचडीचा, त्याला दोन मिनिटं धीर धरवत नाही. सुरुवातीला तो मांडणी होण्याआधीच स्ट्रायकर मारायचा आणि भाऊ कानावर हात ठेवून उठून जायचा. आता तो मुलगा मांडणी होईपर्यंत बोर्डावर पावडर पसरवतो. हाताला काम मिळालं की थांबणं जमतं. हे कोणी त्याला शिकवलं नाही, त्या दोघांनी आपसांत जमवलं.

आवाजाचं मात्र आम्हालाच बघावं लागलं. नागपूरचा मे महिना, पारा पंचेचाळीसच्या घरात, आणि हॉलमधला तो मोठा कूलर. एकाला त्या घरघरीने डोकं उठतं, दुसऱ्याला ती इतकी आवडते की तो कूलरला टेकूनच बसतो. मग उन्हाळ्यात सकाळी सातलाच जमायला लागलो. ऊन चढेपर्यंत कूलर बंद, नंतर चालू. ज्याला सोसत नाही तो तेव्हा घरी जातो, आणि तो लवकर गेला याचं कोणी वाईट वाटून घेत नाही.

अमेरिकेत काम करणाऱ्या डॅनियल लेगॉफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २००४ साली ऑटिझम असलेल्या मुलांसाठी लेगोच्या ठोकळ्यांवर आधारलेली एक पद्धत मांडली होती. एक मुलगा नकाशा बघून सांगणार, दुसरा हवे ते ठोकळे शोधून देणार, तिसरा जोडणार. एकमेकांशी बोलल्याशिवाय गाडी पुढे सरकतच नाही. मला ही कल्पना फार पटली. लेगो महाग पडतं, म्हणून आम्ही ती मेट्रोवर लावली. शंकर नगरहून बसायचं, सीताबर्डीला उतरून ऑरेंज लाइन पकडायची, खापरीपर्यंत जाऊन परत यायचं. एकाकडे तिकिटं, एकाने स्टेशनं मोजायची, एकाने “आता उतरायचं” म्हणायचं. तिकीट खिडकीवर बोलायचं काम रविवारागणिक फिरतं. ज्याला तोंडाने बोलता येत नाही तो फोनवर टाइप करून दाखवतो. खिडकीवरच्या ताईंना ते एकदाच सांगावं लागलं.

वर्धा रोडवर खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि वर मेट्रो. हा दुमजली पूल ३.१४ किलोमीटरचा आहे आणि २०२२ मध्ये त्याची गिनीज बुकात नोंद झाली. हे मला भावाने सांगितलं. तो प्रत्येक वेळी सांगतो, “तीन पूर्णांक एक चार, म्हणजे गणितातला पाय.” घरी आम्ही सगळे हे ऐकून थकलोय. पण मंडळीतला एक मुलगा गणितवेडा आहे. त्याने पहिल्यांदा ऐकलं आणि पायचे पुढचे आकडे म्हणायला लागला. भाऊ स्टेशनं सांगतोय, तो आकडे सांगतोय, दोघंही खिडकीबाहेर बघत. बाजूच्या सीटवरच्या काकू मला हळूच म्हणाल्या, “हे काय बोलून राहिले बाप्पा?” मी म्हटलं, “गप्पा मारून राहिले, काकू.” कारण त्या गप्पाच होत्या.

यावर अभ्यासही झालाय. ब्रिटनमधले संशोधक डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की अडचण दोन्ही बाजूंची आहे: ऑटिस्टिक माणसाला इतरांचं कळत नाही, तसंच इतरांनाही त्याचं कळत नाही. मग २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी साखळी. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तेवढीच नीट पोचली, जेवढी सगळे नॉन-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत. ती जास्त गळाली मिश्र साखळीत. मेट्रोतल्या त्या दोघांना बघितल्यावर मला याचं नवल वाटत नाही. पण शिकण्याचं सगळं ओझं एकाच बाजूवर का टाकायचं, हा प्रश्न मला रोज पडतो.

म्हणून कॉलेजची नवी पोरं आली की मी त्यांना आधी सांगते: मोठ्याने बोलू नका, पाठीवर थाप मारू नका, आणि मुद्दाम हरू नका. शेवटचं फार महत्त्वाचं. एकदा एका चांगल्या मनाच्या पोराने भावासाठी राणी सोडली. भाऊ लगेच म्हणाला, “मुद्दाम सोडली न तू,” आणि तो डाव मोजायलाच तयार होईना. दया कळते त्यांना.

भांडणंही होतात. राणीच्या कव्हरवरून दोघांत चांगलीच जुंपली तेव्हा आया धावत आल्या. मी म्हटलं, थांबा जरा. ओरडाआरडा झाला, एकजण भिंतीकडे तोंड करून बसला, दुसरा येरझाऱ्या घालत राहिला. पोह्यांची वेळ झाली तेव्हा दोघं सोबतच खाली उतरले. कोपऱ्यावरचा पोहेवाला आता ओळखतो सगळ्यांना: याला तर्री वेगळ्या वाटीत, त्याला पोहे कोरडे, भावाला वर चणे नकोत. विचारतही नाही, तशाच प्लेटा लावतो.

मैत्री झाली हे मला कशावरून कळलं ते सांगते. पावडर पसरवणारा मुलगा एका रविवारी आला नाही, ताप होता. भावाने गोट्या मांडल्या आणि बसून राहिला. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, “तो काहून नाही आला?” पाठ केलेल्या प्रश्नांत हा नव्हता. इतक्या वर्षांत न आलेल्या माणसाबद्दल त्याने पहिल्यांदाच काही विचारलं होतं. आई त्या दिवशी हॉलच्या बाहेर जाऊन रडली.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. मुली फार कमी येतात. मुलींचं निदान उशिरा होतं, कित्येकींचं होतच नाही. त्या गप्प बसतात आणि घरचे म्हणतात लाजाळू आहे. ज्यांचं झालंय त्यांना बाहेर पाठवायची आईबापांना भीती वाटते, आणि ती भीती खोटी आहे असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? मागच्या महिन्यात एका आईने आपली गच्ची देऊ केली. मुलींसाठी वेगळा गट करू, रांगोळी घेऊ, संक्रांतीला तिळाचे लाडू वळू, असं आम्ही बायकांनी ठरवतही आणलं होतं. मग एकीला सुचलं की त्या आईच्या लेकीलाच विचारावं. मुलीने फोन घेतला, सावकाश टाइप केलं आणि आमच्यासमोर धरला: कॅरम.

तेव्हा दुसरा बोर्ड लागणार आहे. नागपुरात कोणाच्या घरी माळ्यावर पडून असेल तर कळवा, आम्ही येऊन घेऊन जाऊ. जाळ्या फाटल्या असतील तरी चालेल, त्या आम्ही बसवून घेऊ.