ए३२० बोर्डवर रायझेन ५६००, आत्तापर्यंत कुठवर आलंय

मंडळी, माझा ए३२० बोर्ड (एएमडीच्या रायझेन प्रोसेसरसाठीचा स्वस्तातला मदरबोर्ड) आता व्यवस्थित चालतोय हे आधीच सांगून टाकतो, कारण मागच्या अपडेटनंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, घ्यावा का नको. सेटअप तोच आहे, लॅमिंग्टन रोडवरनं सेकंडहँड उचललेला ए३२० बोर्ड, दोन रॅम स्लॉट, व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) हीटसिंक नाही, आधी त्यात रायझेन ५ १६०० होता आणि आता ५६०० बसवलाय, रॅम ८-८ जीबीच्या दोन स्टिक, डीडीआर४ ३२००. बोर्ड कुठल्या कंपनीचा ते मुद्दाम लिहीत नाहीये, या किमतीतल्या बहुतेक बोर्डांची गोष्ट सारखीच आहे.

आपल्यातच बघा ना, एकाने हाच बोर्ड लावला आणि परत कधी कॅबिनेट उघडायची वेळ आली नाही, दुसऱ्याचा रात्री डाउनलोड लावून झोपला की सकाळी हँग झालेला असतो, आणि तिसऱ्याचा ३२०० ची रॅम लावल्यावर पोस्टच होत नाही, म्हणजे सुरूच होत नाही. तिघंही खरं सांगतायत. माझ्याकडे एकाच बोर्डवर दोन प्रोसेसर फिरले म्हणून मला हे जवळून बघता आलं.

१६०० असताना एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण स्पीडवर चालवणारं सेटिंग) ऑन केलं की काळी स्क्रीन. २९३३ ला विंडोज यायचं पण मेमटेस्टमध्ये (रॅम तपासायचा प्रोग्राम) एरर, २६६६ ला मात्र एकदम गप चालायचा. मग ५६०० टाकला, त्याच स्टिक, तेच स्लॉट, आणि ३२०० पहिल्या फटक्यात लागलं, मेमटेस्ट८६ चे चारही पास क्लीन. कारण साधं आहे, मेमरी कंट्रोलर बोर्डवर नसतोच, तो प्रोसेसरच्या पोटात असतो. पहिल्या पिढीच्या रायझेनला एएमडीनं अधिकृत स्पीडच २६६६ दिला होता, तोही सिंगल रँकच्या (रँक म्हणजे स्टिकवरच्या चिपांचा एक गट) दोन स्टिकला, ड्युअल रँक असतील तर २४००. ५६०० ला तो ३२०० आहे. म्हणजे १६०० वाला माणूस बोर्डाला शिव्या घालतो तेव्हा निम्म्या तरी शिव्या चुकीच्या पत्त्यावर जातात. पण बोर्डाचाही वाटा आहे हं, महाग बोर्ड ट्रेनिंग (सुरू होताना रॅमशी जुळवून घेणं) फेल झालं की दोनतीनदा ट्राय करून आपोआप डिफॉल्टवर येतो, हा नुसता काळा पडून राहायचा, दर वेळी सीमॉस (बोर्डची सेव्ह केलेली सेटिंग) क्लिअर करायला जंपर शॉर्ट करा नाहीतर सेल काढा.

आता बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्राम, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. एएम४ सॉकेट (बोर्डवरची प्रोसेसर बसतो ती जागा) २०१६ पासून चालू आहे आणि स्वस्त बोर्डांवर बहुतेक वेळा १६ एमबीची बायोस चिप असते, इतक्या पिढ्यांच्या प्रोसेसरचा कोड तिच्यात मावत नाही, म्हणून नवीन बायोसमध्ये काही कंपन्यांनी जुन्या ए-सिरीज प्रोसेसरचा सपोर्ट काढून टाकला. ३०० सिरीजच्या बोर्डांवर (ए३२० त्यातलाच) ५००० सिरीजचे प्रोसेसर (५६०० त्यातलाच) चालवायला एएमडीनं अधिकृत परवानगी दिली ती थेट २०२२ मध्ये. त्यामुळे २०२१ मध्ये कुणी लिहिलं असेल की चालत नाही आणि २०२३ मध्ये कुणी लिहिलं की मस्त चालतो, तर दोघं बरोबर असू शकतात, वाचताना तारीख बघत जा. अपडेट करताना जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करा, मधलं एखादं व्हर्जन आधी टाकायला सांगितलं असेल तर तेही टाका, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क लॉक करणारं फीचर) चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, कारण बायोस बदलला की एफटीपीएम (प्रोसेसरमधला सुरक्षेचा भाग) रीसेट होऊ शकतो आणि विंडोज ती की मागतं. विंडोज ११ वर मध्येच क्षणभर अडखळायचा जो प्रकार होता तोही या एफटीपीएममुळेच, अजेसा (बायोसमधला एएमडीचा मूळ कोड) १.२.०.७ मध्ये त्यावर इलाज आला. माझ्याकडे हे व्हर्जन टाकल्यापासून परत दिसला नाही.

ज्यांचा बोर्ड अपडेटमध्ये मेला त्यांनी लगेच भंगारात देऊ नका. सीएच३४१ए प्रोग्रामरनं चिप परत लिहिता येते, फक्त एएम४ च्या बऱ्याच बोर्डांवर चिप १.८ व्होल्टची असते आणि हा प्रोग्रामर ३.३ वाला, तेव्हा चिपवरचा नंबर वाचा आणि १.८ चा अ‍ॅडॉप्टर मध्ये लावल्याशिवाय क्लिप अडकवू नका.

रात्री हँग होणाऱ्या मित्राचंही सांगतो. त्याचा लोड असताना कधीच बंद पडत नव्हता, रिकामा बसला की फ्रीझ. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१, पण त्यावरून काही कळत नाही, मशीन नीट शटडाउन झालं नाही एवढंच ते सांगतं. त्याच्याकडे १६०० आणि जुना एसएमपीएस (पॉवर सप्लाय). बायोसमध्ये पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल नावाचा ऑप्शन आहे, तो टिपिकल करंट आयडल वर ठेवला आणि तेव्हापासून शांत आहे. प्रोसेसर खोल झोपेत गेला की इतका कमी करंट ओढतो की काही जुन्या एसएमपीएसना ते झेपत नाही. हा ऑप्शन प्रत्येक बोर्डवर दिसेलच असं नाही, काहींवर एएमडी सीबीएस नावाच्या मेनूच्या आत दडलेला असतो.

व्हीआरएमची मला सगळ्यात जास्त काळजी होती. ५६०० चा टीडीपी (कंपनीनं दिलेला पॉवरचा आकडा) ६५ वॅट, पॅकेज पॉवर ७६ पर्यंत जाते, आणि समोरून एक १२० एमएमचा पंखा हवा मारत असेल तर रेंडर चालू असतानाही क्लॉक पडत नाही. पंखा काढून बघितला तर बोर्डाचा मागचा भाग हाताला चटका देतो, त्यामुळे बंद कॅबिनेटमध्ये, त्यात आपला एप्रिल-मे, १०५ वॅटवाला प्रोसेसर यावर मी तरी घालणार नाही.

पुढे ड्युअल रँकच्या १६ जीबी स्टिक मिळतायत, त्या लावून ३२०० टिकतं का बघायचंय, आणि जमलं तर आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड. ६५०० एक्सटी नको म्हणालो कारण ते कार्ड डेटाच्या चारच लेन वापरतं आणि इथे पीसीआयई ३.० (कार्डच्या स्लॉटची जुनी, हळू पिढी) आहे, मार बसतो. तुमचे अनुभव लिहाल तेव्हा बोर्डाची रेव्हिजन, बायोसचं व्हर्जन, रॅमचा पार्ट नंबर आणि एसएमपीएस कुठला हे चारही टाका, मी सगळं एका शीटमध्ये भरायला घेतलंय. ३००० सिरीजवाले आत्तापर्यंत फारच कमी आलेत, त्यांची जास्त गरज आहे.